दोष दोरीचा, शिक्षा रेस्टला

बर्लिनमध्ये ऑगस्ट 2023 मध्ये झालेल्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेच्या अंतिम लढतीत नागपूरच्या ओजस देवतळेने पंधरा बाण सोडले आणि पंधराही दहाच्या वर्तुळात लागले. गुण 150, पोलंडच्या प्रतिस्पर्ध्याचे 149. त्याच स्पर्धेत साताऱ्याची सतरा वर्षांची आदिती स्वामी 149 विरुद्ध 147 अशा फरकाने जगज्जेती झाली. दोघंही कंपाउंड धनुष्याचे, म्हणजे टोकांना चाकं (कॅम) आणि त्यांना जोडणाऱ्या केबल असलेल्या धनुष्याचे खेळाडू. पन्नास मीटरवरच्या त्या दहाच्या वर्तुळाचा व्यास 8 सेंटिमीटर, म्हणजे साधारण चहाच्या कपाच्या तोंडाएवढा असतो. एवढ्या बारीक हिशेबाच्या खेळात बाण मधूनच भरकटायला लागला की नवा खेळाडू पहिला संशय घेतो तो रेस्टवर, म्हणजे बाणाच्या टेकूवर, त्यातही हलणारा भाग असलेल्या ड्रॉप-अवे रेस्टवर. या छोट्या यंत्राभोवती मैदानावर बरेच गैरसमज फिरत असतात आणि त्यांच्यापायी कित्येकदा धडधाकट रेस्ट बदलला जातो.

आधी त्याचं काम काय ते पाहू. धनुष्य ओढताना बाणाला खालून आधार हवा. तो देतो लाँचर, म्हणजे रेस्टचा दोन टोकांचा छोटासा काटा. बाण सुटल्यावर मात्र हाच आधार अडचण होतो, कारण बाणाच्या शेपटाची प्लास्टिकची पिसं त्याच वाटेने जाणार असतात. म्हणून ड्रॉप-अवे रेस्टचा लाँचर ऐन वेळी खाली पडतो आणि वाट मोकळी करतो.

ऐन वेळी म्हणजे किती वेळात? बाण सेकंदाला 85 मीटर वेगाने सुटतो आणि धनुष्याची स्ट्रिंग त्याला अर्धा मीटर ढकलते असं धरलं, तर तो स्ट्रिंगवर सुमारे 12 मिलिसेकंद असतो. पिसं रेस्टपाशी पोचायला आणखी जेमतेम दोन. पापणी लवायलासुद्धा शंभराहून जास्त मिलिसेकंद लागतात. तेव्हा “मी बघितलं ना, रेस्ट नीट पडतोय” या वाक्याला काहीच अर्थ उरत नाही. डोळ्याला दिसतो तो लाँचर पडून गेल्यानंतरचा.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज लाँचर हलवणाऱ्या बारीक दोरीचा आहे. “दोरी जितकी घट्ट, तितका रेस्ट चांगला चालतो,” असं सर्रास सांगितलं जातं. खरी गोष्ट अशी, की ड्रॉप-अवे रेस्ट दोन जातींचे असतात, त्यांच्या दोऱ्या दिसायला सारख्याच असतात, पण कामं नेमकी उलटी करतात.

पहिली जात केबलवर चालणारी. दोरीचं टोक धनुष्य ओढताना खाली सरकणाऱ्या केबलला बांधलेलं असतं. स्ट्रिंग ओढली की केबल खाली जाते, दोरी ताणली जाते आणि लाँचर उभा राहतो. बाण सुटला की केबल वर येते, दोरी ढिली पडते आणि आतली स्प्रिंग लाँचरला खाली ओढते. इथे दोरी आखूड झाली तर लाँचर लवकर उठतो आणि उशिरा पडतो; पिसं येऊन पोचतात तरी तो वाटेतच असतो. दोरी लांब राहिली तर लाँचर पूर्ण उठतच नाही, बाण कलता राहतो आणि नेम धरलेला असताना घसरूनही पडतो.

दुसरी जात लिम्बवर, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावर चालणारी, आणि तिथे सगळं उलटं. धनुष्य नुसतं टांगलेलं असताना दोरी ताणलेली असते आणि तिनेच लाँचर खाली दाबून धरलेला असतो. ओढताना लिम्ब वाकतं, दोरी सैल होते आणि स्प्रिंग लाँचरला वर उचलते. बाण सुटल्यावर लिम्ब सरळ होताना दोरीला झटका देतं आणि लाँचर खाली येतो. या जातीत दोरी लांब झाली तर धनुष्य निवांत असतानाही लाँचर थोडा वर उचललेला दिसतो. ही खूण नुसत्या डोळ्यांनी पकडता येते. दोरी फार आखूड केली तर गाठीवर आणि लाँचरच्या दांड्यावर अहोरात्र ताण राहतो.

एका जातीचा उपाय दुसरीला लावला की बिघाड दुप्पट होतो. शेजारच्या खेळाडूने “माझी दोरी अर्धा सेंटिमीटर आवळली आणि बाणांचा गट जमायला लागला” असं सांगितलं, तर आधी त्याचा रेस्ट कुठल्या जातीचा आहे हे विचारायलाच हवं.

आता प्रश्न असा, की काल बरोबर असलेली दोरी आज चुकीची कशी होते? बहुतेकदा ती आपण होऊन बदललेली नसते, तिच्या आजूबाजूचं बदललेलं असतं. नव्या केबल सुरुवातीच्या काही दिवसांत किंचित ताणतात. ओढीचं वजन कमी-जास्त करायला लिम्बचे बोल्ट फिरवले की लिम्बचा कोन बदलतो. केबलवरची चिमटी किंवा गाठ दोन-तीन मिलिमीटर सरकते. म्हणून अनुभवी खेळाडू सगळं नीट बसल्या दिवशीच दोरी आणि केबल जिथे भेटतात तिथे पांढऱ्या करेक्शन पेनने बारीक रेघ मारून ठेवतात. रेघा जुळत नसतील तर एलन-की हातात घेण्याआधीच अर्धं निदान झालेलं असतं.

“धनुष्य हळूच परत सोडलं तरी लाँचर वरच राहतो, म्हणजे तो अडकलाय” ही तक्रार नव्या खेळाडूंकडून हमखास येते. काही रेस्ट मुद्दामच तसे बनवलेले असतात. लाँचर वर अडकवून ठेवायचा आणि केबल वेगाने धावली तरच तो सोडायचा, अशी त्यांची रचना असते. त्यामुळे बाण न सोडता धनुष्य उतरवलं तरी बाण जागचा हलत नाही. हा बिघाड नव्हे. त्यासाठीच तर जास्त पैसे मोजलेले असतात. सोबत आलेलं माहितीपत्रक फेकून न देता वाचलं तर ही शंका मिटते.

पण लाँचर खरंच पडतो का हे पाहण्यासाठी बाण न लावता स्ट्रिंग ओढून सोडून देणं, हा मात्र धोकादायक खुळेपणा आहे. बाणाने न्यायची सगळी ऊर्जा मग धनुष्यातच जिरते. लिम्ब चिरू शकतं, केबल कॅमवरून उतरू शकते, हाताला आणि डोळ्याला इजा होऊ शकते. रेस्ट तपासायचा तर दोरी सोडवून बोटाने तपासावा. वर अडकून राहणारा नसेल, तर केबलवाल्या रेस्टचा लाँचर उचलून सोडला की चटकन खाली यायला हवा. लिम्बवाल्याचा दाबून सोडला की चटकन वर. मध्ये अडखळला, किंवा दांडा आडवा डुगडुगला, तर दोष रेस्टचा. नाहीतर सहसा नाही.

पिसं रेस्टला घासतात का, हे पाहायला महागडं उपकरण लागत नाही. पिसांना लिपस्टिकचं बारीक बोट लावायचं, किंवा लाँचरवर आणि त्याच्या खालच्या भागावर पावडरचा पातळ थर द्यायचा आणि जवळच्या लक्ष्यावर एक बाण सोडायचा. घासलं असेल तर डाग बोलतो. मोबाइलचा स्लो-मोशन कॅमेराही कामी येतो, मात्र त्याची मर्यादा ठाऊक हवी. सेकंदाला 240 चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांमध्ये चार मिलिसेकंदांची फट असते, म्हणजे बाण सुटण्याची सगळी गोष्ट तीन-चार चित्रांतच संपते. 960 चित्रं मिळाली तर पुष्कळ उलगडा होतो. कॅमेरा बाजूने धरायचा. नेमबाजीच्या रेषेपुढे कोणीही जायचं नाही.

या चित्रीकरणात कधीकधी भलताच गुन्हेगार सापडतो. लाँचर वेळेवर पडलेला असतो, पण खालच्या अडणीवर आपटून पुन्हा उसळी मारतो आणि पिसांना वाटेत गाठतो. खालचं रबर किंवा फेल्टची पट्टी झिजलेली असते. काही रुपयांची पट्टी बदलली की काम झालं.

“लाँचर लवकर पडला तर बाण खाली लोंबतो” ही भीतीही तपासून घ्यावी. 12 मिलिसेकंदांत गुरुत्वाकर्षणाने मोकळी वस्तू एक मिलिमीटरसुद्धा खाली येत नाही, आणि बाणाचं शेपूट तर स्ट्रिंगने धरलेलं असतं. सुरुवातीच्या थोड्या अंतरात आधार हवा हे खरं, कारण त्याच वेळी हाताचा पीळ बाणाला वळवत असतो. उशिरा पडणारा लाँचर मात्र थेट पिसांना धडकतो. दोन्हींत कशाची जास्त काळजी करायची, हे यावरून ठरतं.

कागदातून बाण मारून पाहिला आणि भोक आडवं फाटलं की रेस्ट सरकवायचा, अशीही एक सवय असते. आडवी फाट मुठीच्या पिळामुळे येते, कॅम कलल्यामुळे येते, नॉक, म्हणजे बाणाच्या शेपटाची स्ट्रिंगवर बसणारी खाच, घट्ट असल्यामुळे येते. उभी फाट नॉकच्या उंचीमुळेही येते. तीन बाणांची फाट सारखी आली तरच ती पुरावा. त्यानंतर एका बाणाचा नॉक थोडा फिरवून पिसांची दिशा बदलावी. फाट बदलली तर पिसं कुठेतरी लागत आहेत. बदलली नाही तर रेस्टला हात न लावता मूठ पाहावी.

तेलाविषयी थोडक्यात: ओलं तेल धूळ पकडतं आणि मैदानावरची लाल माती लाँचरच्या दांड्यात जाऊन बसते. पावसाळ्यानंतर स्प्रिंग गंजली आहे का ते पाहावं, कोरड्या फडक्याने पुसावं आणि वंगण उत्पादकाने सांगितलं असेल तेच वापरावं.

आणि ड्रॉप-अवे नाही म्हणून कोणी मागे पडत नाही. कंपाउंडच्या मोठ्या स्पर्धांत साध्या पोलादी पातीचा रेस्ट वापरणारे खेळाडू पुष्कळ आहेत. जागतिक तिरंदाजी संघटनेच्या नियमात रेस्ट हलता असण्याला मनाई नाही. तो विजेवर चालणारा नको आणि बाणाचा टेकू मुठीच्या खाचेपासून 6 सेंटिमीटरहून मागे नको, एवढंच. साहित्य तपासणीत हे मोजलं जातं. लाँचर कधी पडतो हे तिथे कोणी पाहत नाही.

ते खेळाडूनेच पाहायचं असतं, आणि घरीच. पात्रता फेरीत साहित्य बिघडलं तर दुरुस्तीसाठी जास्तीत जास्त 15 मिनिटं मिळतात. बाद फेरीत तीही नाहीत. आळीपाळीने होणाऱ्या वैयक्तिक लढतीत एकेक बाण, आणि प्रत्येक बाणाला 20 सेकंद. म्हणून जाणते खेळाडू आपल्या पेटीत एक जादा दोरी आधीच मापून, गाठ मारून, रेघ ओढून ठेवतात.