केसपेपरवर आपले काम लिहून घ्या

वस्तीतला निवृत्त कामगार खोकत खोकत दवाखान्यात जातो. डॉक्टर विचारतात, "बिडी ओढता का?" तो मान हलवतो. केसपेपरवर बिडी लिहिली जाते. तीस वर्षे कोणत्या खात्यात काम केले हे कोणी विचारत नाही, आणि आपणही सांगत नाही. ही एक ओळ राहून गेली की औषधोपचाराची दिशा चुकू शकते आणि घराचा हक्कही बुडू शकतो. म्हणून या वेळी आम्ही कामातून होणाऱ्या कॅन्सरविषयी लिहीत आहोत.

ही गोष्ट नवी नाही. धुराडी साफ करणाऱ्या कामगारांना काजळीमुळे अंडकोषाच्या कातडीचा कॅन्सर होतो, हे लंडनचे डॉक्टर पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली सांगितले. १८९५ साली जर्मनीत लुडविग रेन या सर्जनने रंगाच्या कारखान्यातील कामगारांमध्ये मूत्राशयाचा कॅन्सर नोंदवला. आज आपल्याला माहीत आहे, की बेन्झिडीनसारख्या रंगरसायनांमुळे मूत्राशयाचा, बेन्झीनमुळे रक्ताचा, तर सिलिकाच्या धुळीमुळे फुफ्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो.

सर्वांत फसवा आहे ॲस्बेस्टॉस. सिमेंटचे पत्रे, पाइप, ब्रेक लायनिंग, बॉयलरवरचे आवरण, भंगारात निघालेली जुनी जहाजे, या सगळ्यांत तो असू शकतो. त्याचे बारीक तंतू श्वासाबरोबर आत जातात. आजार बहुधा २० ते ४० वर्षांनी दिसतो. तोवर कामगार घरी बसलेला असतो, कधी कारखानाही बंद झालेला असतो. धुळीने भरलेले कपडे घरी झटकणाऱ्या, धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झाल्याच्या नोंदी आहेत.

आणि बिडीचे काय? बिडी वाईटच. ॲस्बेस्टॉसची धूळ आणि धूम्रपान एकत्र आले, की फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. ती आजच सोडावी. पण फुफ्फुसाच्या आवरणाला होणारा मेसोथेलिओमा हा कॅन्सर बिडीने होत नाही. त्याचे मुख्य कारण ॲस्बेस्टॉस. तेव्हा "बिडी ओढत होता" एवढे म्हणून कोणाला हात झटकता येत नाहीत.

मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे. आपल्या वाट्याला कमी पगाराची खाती आली. बाबासाहेबांनी हा प्रश्न गिरणी संपाच्या काळात उघडपणे मांडला. आज जात विचारून खाते देत नाहीत, असे म्हणतात. पण धुळीचे, ॲसिडचे, टाक्या साफ करण्याचे ठेकेदारी काम कोणाच्या वाट्याला येते, ते आपल्याच गल्लीत मोजून पाहावे.

कायदा आपल्या बाजूने बरेच काही सांगतो. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल दिला, की कामगाराचे आरोग्य हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद काम सुरू झाल्यापासून किमान ४० वर्षे, किंवा काम सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जो काळ नंतर संपेल तोपर्यंत जपून ठेवावी, असा आदेश दिला. म्हणजे नोकरी सुटली तरी ती नोंद मागता येते.

ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कॅन्सर, मेसोथेलिओमा आणि मूत्राशयाचा कॅन्सर हे भरपाईच्या यादीतील व्यवसायजन्य आजार आहेत. अशा कामात एकाच मालकाकडे सलग ६ महिने काढले असतील, तर आजार कामामुळेच झाला असे कायदा धरून चालतो. तसे नाही, हे मालकाला सिद्ध करावे लागते. ठेकेदाराकडे काम केले तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. यादीतला आजार दिसला की सरकारी निरीक्षकाला कळवणे हे डॉक्टरचेही कर्तव्य आहे. नव्या कामगार संहितांमुळे कायद्यांची नावे बदलली, पण हे कर्तव्य कायम आहे.

आता आपण काय करायचे?

● दवाखान्यात खाते, काम, वर्षे आणि हाताळलेला माल सांगा व केसपेपरवर लिहून घ्या.
● हजेरी कार्ड, पगारपत्रक, ईएसआयचे कार्ड, जुने एक्स-रे फेकू नका. कागद नसेल तर सोबत काम केलेल्यांची नावे लिहून ठेवा.
● लघवीतून रक्त, न थांबणारा खोकला, वाढता दम, छातीत दुखणे हे अंगावर काढू नका.
● दावा साधारण २ वर्षांत करायचा असतो. उशीर झाला तरी सबळ कारण असेल तर तो माफ होऊ शकतो. युनियन किंवा मोफत विधी सेवा केंद्राकडे जा.
● घरावरचे सिमेंटचे जुने पत्रे कापू, घासू, फोडू नका. काढावेच लागले तर पाणी मारून, अख्खे काढा.

आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हाताने आंघोळ घातली, ही कथा आपण विहारात ऐकतो. त्याच विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक वही ठेवू या. कोणी कुठे, कोणत्या खात्यात, किती वर्षे काम केले, एवढेच तिच्यात लिहू या. कारखाना बंद पडला, कागद हरवला, तरी वस्तीची ही वही उद्या एखाद्या विधवेच्या कामी येईल.