जुनी होडी, नवं मशीन

आउटबोर्ड मोटर म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून लटकवलेलं इंजिन. इंजिन, गिअर, प्रोपेलर आणि सुकाणू, सगळं एकाच पॅकेजमध्ये. अमेरिकेत ओले इव्हिनरूड यांनी 1909 मध्ये अशा मोटरी विकायला सुरुवात केली आणि मूळ रचना आजही बरीचशी तीच आहे. मालवणला माझा मामा त्याला सरळ ‘मशीन’ म्हणतो. त्याची अठरा फुटी लाकडी होडी माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे.

मशीन घ्यायचं म्हटलं की सगळे आधी ‘किती एचपी?’ विचारतात. माझ्या मते आधी लाकडाची चौकशी करावी. मागच्या उभ्या फळीला ट्रान्सम म्हणतात. साधारण 10 एचपीचं मशीन चाळीसेक किलोचं असतं, पण खरा प्रश्न वजनाचा नाही. प्रोपेलर फळीच्या वरच्या कडेपासून अर्धा मीटर खाली असतो. समजा थ्रस्ट 80 किलो आहे, तर मोमेंट झाला जवळजवळ 400 न्यूटन-मीटर! ब्रॅकेटचा खालचा भाग फळीला पुढे रेटतो आणि वरचा क्लॅम्प तिला मागे ओढतो. दर लाटेला, दर वेळी थ्रॉटल दिल्यावर. अप्लाइड मेकॅनिक्समधला कॅन्टिलिव्हर तो हाच, फक्त इथे तो भर समुद्रात मोडतो.

म्हणून फळी हातोडीने ठोकून पाहायची. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा टोच्या आत गेला, तर लाकूड कुजलेलं आहे, मग वरचा रंग कितीही चकचकीत असो. तेवढा भाग बदलल्याशिवाय मशीन चढवू नये. नुसत्या क्लॅम्पच्या स्क्रूवर विसंबू नका, व्हायब्रेशनने ते सैल होतात. आरपार स्टेनलेस बोल्ट, आतून रुंद पट्टी, भोकांत सीलंट आणि वर एक सेफ्टी चेन हवीच. काही जुन्या होड्या दोन्ही टोकांना निमुळत्या असतात, तिथे ब्रॅकेट बाजूला बसवावा लागतो. मग होडी सतत एकीकडे वळू बघते आणि डोलली की प्रोपेलर पाण्याबाहेर येतो.

मशीनची उंचीही नेमकी हवी. प्रोपेलरच्या वर एक आडवी प्लेट असते. ती होडीच्या तळाच्या लेव्हलला किंवा इंचभर खाली यावी. फार वर राहिली तर प्रोपेलर हवा ओढतो; इंजिन बोंबलतं, होडी जागची हलत नाही. ट्रान्सम 15 इंच असेल तर शॉर्ट शाफ्ट, 20 असेल तर लाँग शाफ्ट.

आता मेंटेनन्स. इंजिन थंड ठेवायला समुद्राचंच पाणी आत फिरतं. ते वाळलं की मीठ साचून वाटा बुजतात. म्हणून किनाऱ्यावर आलं की गोड्या पाण्याच्या पिंपात मशीन दहा मिनिटं न्यूट्रलमध्ये चालवायचं. पाण्याशिवाय मात्र अर्धा मिनिटही नाही, कारण पंपाचा रबरी इंपेलर पाण्यावरच वंगण घेतो. चालू मशीनच्या मागून पाण्याची बारीक धार पडत असते. ती थांबली की लगेच बंद करा.

मासेमारीच्या होडीला एक खास दुखणं असतं, ते म्हणजे तंगूस. जाळ्याचा हा नायलॉन धागा प्रोपेलरमागे शाफ्टला गुंडाळतो आणि ऑइल सील कापतो. वरून काही दिसत नाही. गिअर ऑइल दुधी झालं की समजावं, पाणी आत शिरलंय. म्हणून अधूनमधून प्रोपेलर काढून बघायचा. दहा मिनिटांचं काम, नाहीतर अख्खा गिअरबॉक्स!

खाली जो झिंकचा तुकडा असतो तो अ‍ॅनोड. अ‍ॅल्युमिनियमच्या आधी त्याने झिजावं म्हणूनच तो बसवलेला असतो. (कॉरोजन ऑप्शनला टाकणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) त्यावर रंग देऊ नये, अर्धा झिजला की बदलावा.

टू-स्ट्रोक असेल तर बहुतेकदा 50:1, म्हणजे लिटरला 20 मिली ऑइल. तरी मॅन्युअल बघावंच. इथेनॉलचं पेट्रोल पाणी शोषतं, तेव्हा जून-जुलैच्या बंदीत ते टाकीत आणि कार्ब्युरेटरमध्ये ठेवू नये.

होडीत कायम असाव्यात अशा गोष्टी: जादा प्लग, पाना, स्टार्टरची दोरी, नांगर. मामा वल्हीसुद्धा काढत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती खडकच खडक आहेत. तिथे मशीन बंद पडलं तर आधी नांगर टाकायचा, कव्हर नंतर उघडायचं.