वडाजवळचा मुक्काम आणि मण्यार

मानवतमधल्या एका ओळखीच्या कुटुंबाने सुटीत संगमनेर तालुक्यातील पेमगिरीचा वड पाहून त्याच परिसरात तंबूत राहायचे ठरवले. विस्तार एकरांत मोजावा लागतो असा हा जुना वड मुलांना दाखवावाच. त्यांनी मला बिबट्याबद्दल विचारले. मला काळजी होती मण्यारची.

जुन्या झाडांच्या बुंध्याशी बिळे, वारुळे असतात. हा साप तिथे दडतो. रात्री बाहेर पडतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश बहुधा दुखत नाही, सूज येत नाही, खूणही सापडेलच असे नाही. पहाटे पोट दुखते, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. ‘रात्रीचे जेवण बाधले’ म्हणून ओवा चघळण्यात मोलाचे तास जातात. हे विष नसांकडून स्नायूंना जाणारा संदेश तोडते. तो तुटल्यावर प्रतिविष देऊनही रुग्णाला बरेचदा कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते.

म्हणून तंबूची चेन पूर्ण लावा. उघड्यावर झोपायचे तर मच्छरदाणीच्या कडा चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचा. रात्री उठताना बॅटरी हवीच. आपल्याकडे शेतात जागलीला जाणाऱ्यांनीही हेच करावे.

पोटदुखीसोबत पापणी झुकली तर लगेच १०८ ला फोन करा. दोरीने आवळू नका, चीर देऊ नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवरही एकच प्रतिविष चालते. निघण्यापूर्वी मुक्कामाजवळचे सरकारी रुग्णालय कुठे आहे, तेवढे विचारून ठेवा.