गंधालाही सावली लागते

विदर्भात, मराठवाड्यात किंवा खानदेशात कपाशीच्या शेताजवळून जाताना काठीला टांगलेले एक प्लास्टिकचे नरसाळे तुम्ही पाहिले असेल. नरसाळ्यावर लहानसे छप्पर असते आणि खाली पॉलिथिनची लांब पिशवी लोंबत असते. छपराच्या आतल्या बाजूला एक रबरी बूच अडकवलेले असते. हा कामगंध सापळा. त्या बुचाला शास्त्रज्ञ आमिष म्हणतात. शेतकरी त्याला ल्यूर म्हणतात. त्यात कीटकाच्या मादीच्या गंधाचे रसायन अवघे काही मिलिग्रॅम मुरवलेले असते.

या सापळ्यात पतंग आला नाही, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? शेतात पतंगच नाहीत, असा एक अर्थ होतो. पतंग भरपूर आहेत, पण आमिष उन्हाने मेले आहे, असा दुसराही होतो. दोन्ही वेळा पिशवी रिकामीच दिसते. पहिल्या अर्थाने शेतकरी निश्चिंत राहतो आणि दुसऱ्या अर्थाने त्याचे पीक जाते. म्हणून आमिषाचे उन्हापासून रक्षण कसे करतात, हे समजून घेण्यासारखे आहे.

गंधाची भाषा

रात्रीच्या अंधारात पतंगाची मादी आपल्या शरीरातून एक गंध सोडते. तो वाऱ्याबरोबर पसरतो. नराच्या मिशा, म्हणजे शृंगिका, तो टिपतात आणि नर वाऱ्याच्या उलट दिशेने उडत मादीपर्यंत पोहोचतो. एकाच जातीच्या प्राण्यांमध्ये संदेश पोहोचवणाऱ्या अशा रसायनांना १९५९ साली 'फेरोमोन' हे नाव मिळाले. त्याच वर्षी जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांनी रेशमाच्या पतंगाचे फेरोमोन ओळखल्याचे जाहीर केले. त्यासाठी सुमारे ५ लाख माद्यांच्या गंधग्रंथी जमवाव्या लागल्या होत्या, आणि हाती आले ते मोजके मिलिग्रॅम! या पदार्थाला बॉम्बिकोल म्हणतात.

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीच्या पतंगाचे फेरोमोन १९७३ साली नेमके ओळखले गेले. त्याचे नाव गॉसिप्लूर. ही अळी अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात पाती, फूल किंवा बोंडात शिरते. फुलात शिरली तर पाकळ्या उमलत नाहीत. अशा फुलाला शेतकरी डोमकळी म्हणतात. बोंडात शिरल्यावर तिचे छिद्र बुजून जाते आणि मग वरून कितीही फवारले तरी औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. २०१७ साली विदर्भातील शेतकऱ्यांनी या अळीमुळे मोठे नुकसान सोसले. म्हणून अळी होण्याआधी, पतंग उडू लागताच सूचना मिळायला हवी. ती कामगंध सापळा देतो. निरीक्षणासाठी हेक्टरी ५ सापळे लावतात. एका सापळ्यात रोज सरासरी ८ पतंग याप्रमाणे सलग ३ रात्री सापडले, तर उपाय करण्याची वेळ आली असे समजतात.

मादीला जे जमते ते बुचाला का जमत नाही?

पतंगाची मादी आपले फेरोमोन ताजे बनवते, अत्यंत अल्प प्रमाणात बनवते आणि रात्री सोडते. तिच्या गंधाला ऊन लागण्याचा प्रश्नच सहसा येत नाही. आपले रबरी बूच मात्र रात्रंदिवस शेतात टांगलेले असते. तेही एकदोन दिवस नव्हे, तर दोन-चार आठवडे. सप्टेंबरची उघडीप, ऑक्टोबरचे कडक ऊन, हवेतील ऑक्सिजन आणि उष्णता या सर्वांना त्यातील रसायनाला तोंड द्यावे लागते.

नुकसान दोन प्रकारे होते. पहिला प्रकार साधा. उष्णतेने फेरोमोनचे बाष्पीभवन झपाट्याने होते आणि साठा लवकर संपतो. दुसऱ्या प्रकारात साठा शिल्लक असतो, पण रेणूचे रूप बदललेले असते. हा दुसरा प्रकार अधिक फसवा आहे.

फेरोमोनच्या रेणूत कार्बनच्या अणूंची लांब साखळी असते आणि तिच्यात काही ठिकाणी दुहेरी बंध असतात. दुहेरी बंधापाशी साखळी एका बाजूला वाकलेली आहे की सरळ पुढे गेली आहे, यावर रेणूचा आकार ठरतो. अणू तेच व तितकेच, पण मांडणी निराळी, अशा रेणूंना समघटक म्हणतात. किल्लीचा एक दाता उलट बाजूला वळला तर कुलूप उघडत नाही, तसेच येथे होते. नराच्या शृंगिकेला ठरावीक आकाराचाच रेणू ओळखता येतो. काही वेळा चुकीचा समघटक नुसता निरुपयोगी नसतो. तो खऱ्या गंधाच्या आकर्षणात अडथळाही आणतो.

ऊन नेमके काय करते?

प्रकाश ही ऊर्जा आहे आणि तरंगलांबी जितकी कमी तितकी ही ऊर्जा जास्त. ६०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या नारिंगी प्रकाशाची ऊर्जा दर मोलला सुमारे २०० किलोज्यूल भरते. ३०० नॅनोमीटरच्या जंबुपार, म्हणजेच अतिनील, किरणांची ऊर्जा त्याच्या दुप्पट, सुमारे ४०० किलोज्यूल होते. कार्बन-कार्बन यांमधील एकेरी बंध तोडण्यास सुमारे ३५० किलोज्यूल लागतात. तेव्हा जंबुपार किरणांत रेणू मोडण्याइतके बळ आहे, हे उघड आहे.

पण येथे एक अडचण येते. प्रकाशरसायनशास्त्राचा पहिला नियम सांगतो की, पदार्थाने जो प्रकाश शोषला असेल तोच त्याच्यात रासायनिक बदल घडवू शकतो. एकटा दुहेरी बंध साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे किरण शोषतो. 'दुहेरी-एकेरी-दुहेरी' असे लागून आलेले बंध, म्हणजे संयुग्मी बंध, २३० नॅनोमीटरच्या आसपासचे किरण शोषतात. आणि सूर्याचे सुमारे २९० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे किरण तर वातावरणातील ओझोन वरच अडवतो! मग शेतातल्या आमिषाचे नुकसान करतो कोण?

ते करतात मध्यस्थ. रबर, प्लास्टिक, रंगद्रव्ये आणि फेरोमोनमध्ये राहिलेल्या अशुद्धी जमिनीपर्यंत पोहोचणारे किरण शोषून घेतात. मग ही ऊर्जा त्या शेजारच्या फेरोमोन रेणूला किंवा ऑक्सिजनला देतात. उत्तेजित झालेला ऑक्सिजन दुहेरी बंधांवर हल्ला करतो. काही ठिकाणी मुक्त मूलक तयार होतात. मुक्त मूलक म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारा रेणूचा तुकडा. तो दुसऱ्या रेणूपासून हायड्रोजन ओढून घेतो. मग तो दुसरा रेणूच मूलक बनतो आणि विक्रियेची साखळी सुरू होते. घरातले तेल बरेच दिवस उजेडात व हवेत राहिले की खवट होते, त्यातही अशीच साखळी विक्रिया असते.

सर्व फेरोमोन सारखेच नाजूक नसतात. गॉसिप्लूरच्या १६ कार्बनांच्या साखळीत दुहेरी बंध ७ व्या आणि ११ व्या कार्बनपासून सुरू होतात. दोघांमध्ये अंतर असल्याने हा रेणू त्या मानाने टणक आहे. तंबाखूवरील पाने खाणारी अळी, म्हणजे स्पोडोप्टेरा, सोयाबीन आणि भुईमुगावरही येते. तिच्या फेरोमोनच्या मुख्य घटकात दुहेरी बंध ९ व्या व ११ व्या कार्बनपासून सुरू होतात, म्हणजे ते संयुग्मी आहेत. असा रेणू उन्हात सहज दुसऱ्या समघटकांत बदलतो आणि ऑक्सिजनशीही लवकर जुळतो. सफरचंदाच्या कॉडलिंग पतंगाचे फेरोमोनही याच नाजूक जातीचे आहे. हरभऱ्यावरील घाटे अळीच्या फेरोमोनची अडचण निराळी आहे. ते अल्डिहाइड असल्याने हवेतील ऑक्सिजनने त्याचे आम्लात रूपांतर होते, शिवाय अल्डिहाइडचा गट २९० नॅनोमीटरच्या आसपासचे किरण स्वतःही शोषतो.

रक्षणाचे उपाय

पहिला उपाय सर्वांत जुना आणि स्वस्त आहे, तो म्हणजे सावली. सापळ्याचे छप्पर पावसासाठी तर आहेच, पण ते आमिषावर थेट ऊन पडू देत नाही. म्हणून छप्पर मोडलेला सापळा तसाच वापरू नये.

दुसरा उपाय म्हणजे अपारदर्शक भिंत. फेरोमोन भरलेल्या प्लास्टिकच्या नळ्या पिकाला बांधून साऱ्या शेतात मादीचा गंध पसरवण्याची एक पद्धत आहे. सगळीकडूनच गंध येऊ लागल्यावर नराला खरी मादी सापडत नाही आणि मीलन टळते. गॉसिप्लूरच्या अशा वापराला अमेरिकेत १९७८ साली मान्यता मिळाली. पुढे इतर अनेक उपायांबरोबर याचाही उपयोग करून २०१८ साली त्या देशाने आपल्या कपाशीतून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. या नळ्या उघड्यावर असतात, त्यांना छप्पर नसते. म्हणून त्यांच्या प्लास्टिकमध्येच रंगद्रव्य मिसळतात. सफरचंदाच्या बागांत बांधण्याच्या काही नळ्या तांबूस तपकिरी दिसतात, त्याचे कारण हेच. काजळीसारखा काळा पदार्थ किरण फार उत्तम अडवतो, परंतु काळी वस्तू उन्हात अधिक तापते आणि तापली की गंध लवकर उडून जातो. प्रकाश अडवताना उष्णता वाढू द्यायची नाही, असा तोल साधावा लागतो.

तिसरा उपाय म्हणजे जंबुपार शोषक रसायने. हायड्रॉक्सिबेंझोफेनोन या वर्गातील पदार्थ जंबुपार किरण शोषतात. त्यांच्या रेणूतील एक हायड्रोजन क्षणभर एका ऑक्सिजन अणूकडून दुसऱ्याकडे सरकतो आणि लगेच परत येतो. या ये-जा करण्यात किरणांची ऊर्जा निरुपद्रवी उष्णतेत बदलते आणि रेणू पुन्हा पहिल्यासारखा होतो. ढाल तीच राहते आणि ती पुन्हा पुन्हा घाव झेलते.

चौथा उपाय म्हणजे ऑक्सिडीकरणरोधक. बी.एच.टी. नावाचा पदार्थ खाद्यतेल खवट होऊ नये म्हणून वापरतात; तोच आमिषातही घालतात. तो मुक्त मूलकाला आपला हायड्रोजन देऊन शांत करतो आणि साखळी तुटते. हे करताना तो स्वतः खर्च होतो, त्यामुळे त्याचे संरक्षण काही काळच टिकते. शोषक ठिणगी पडू देत नाही आणि रोधक पडलेली ठिणगी विझवतो, म्हणून दोघांना एकत्र वापरणे शहाणपणाचे ठरते.

पाचवा उपाय वाहकाची निवड. रबर घट्ट करण्यासाठी त्यात गंधकाची संयुगे मिसळतात. नेहमीच्या तांबड्या रबरात संयुग्मी बंधांचे फेरोमोन भरले तर अंधारातसुद्धा त्याचे समघटक बदलू शकतात. म्हणून नाजूक फेरोमोनसाठी निराळ्या जातीचे, राखाडी रबर निवडतात. बाहेरचा शत्रू अडवायचा आणि घरातलाच विसरायचा, असे चालत नाही!

हे तुम्ही करून पाहा

जुन्या पांढऱ्या सुती कापडाच्या चार पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा. एक पट्टी उन्हात उघडी ठेवा. दुसरी ॲल्युमिनियमच्या वर्खात गुंडाळून तिच्याशेजारी ठेवा. तिसरी काचेखाली ठेवा आणि चौथी घरात अंधारात ठेवा. रोज संध्याकाळी रंगांची तुलना करून वहीत नोंद करा. हळदीच्या पिवळ्या रेणूतही संयुग्मी बंधांची साखळी असते आणि ती उन्हात मोडते. हळदीचा डाग उन्हात फिका पडतो तो यामुळे. वर्खातल्या पट्टीला उष्णता मिळते पण प्रकाश मिळत नाही. तिच्यावरून तुम्हाला उष्णता आणि प्रकाश यांचे परिणाम वेगळे करता येतील. काचेखालची पट्टी वाचते का, तेही पाहा. हळद दृश्य प्रकाशही शोषते, हे उत्तर शोधताना ध्यानात ठेवा.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना याहून मोलाचा प्रयोग करता येईल. एका सापळ्यात तीन आठवडे वापरलेले आमिष ठेवा आणि पुरेशा अंतरावरच्या दुसऱ्या सापळ्यात नवे ठेवा. काही रात्री पतंग मोजा. मग आमिषांची अदलाबदल करून पुन्हा तितक्याच रात्री मोजा, म्हणजे जागेमुळे पडणारा फरक कळून येईल. दोन्ही वेळा नव्या आमिषाकडेच बरेच जास्त पतंग आले, तर जुने आमिष निकामी होत चालले आहे.

शेतकऱ्याने पाळायचे नियम यातूनच निघतात. न वापरलेली आमिषे बंद पाकिटात, थंड व अंधाऱ्या जागी ठेवावीत; शक्य असेल तर शीतकपाटात. पाकीट उन्हात किंवा मोटारसायकलच्या डिकीत तापू देऊ नये. आमिष लावल्याची तारीख सापळ्यावर लिहावी आणि पाकिटावर सांगितलेल्या मुदतीत ते बदलावे. एका किडीचे आमिष हाताळलेल्या हाताने दुसऱ्या किडीचे आमिष धरू नये, कारण गंधांची भेसळ होते.

पुढच्या खेपेस कुणी 'सापळ्यात पतंग नाही, म्हणजे शेत निर्धास्त' असे म्हणाले, तर त्यांना एकच प्रश्न विचारा: आमिष कधी बदलले होते?