चिमुकल्या डोळ्यांची दुर्बीण
भिगवणला उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी समोर उभे असतात आणि नावेतलं पोरगं कुरकुरतं, "मला काहीच दिसत नाही!" दोष बहुधा त्याचा नसतो. मोठ्यांच्या अनेक दुर्बिणींच्या नळ्या ५६ मिलिमीटरपेक्षा जवळ येत नाहीत. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या बुबुळांमधलं अंतर ५०च्या आसपास असतं. मग एका डोळ्यापुढे अंधारच.

म्हणून दुर्बीण पूर्ण मिटवून आधी मुलाच्याच डोळ्यांना लावून पाहावी.

१२ पट मोठं दाखवणारी दुर्बीण हातात थरथरते, दृश्यही आक्रसतं. उडता पक्षी सापडत नाही. ६×३० पुरे, म्हणजे ६ पट मोठं दाखवणारी, ३० मिलिमीटर रुंद भिंगांची. ३०ला ६ने भागलं की डोळ्याकडे येणारा प्रकाशझोत ५ मिलिमीटरचा, म्हणजे तिन्हीसांजेलाही चित्र बऱ्यापैकी उजळ. खेळण्यांच्या दुकानातली प्लास्टिकची भिंगं? पैसे वाया. गळ्यातला पट्टा आखूड हवा, आणि दुर्बीण सूर्याकडे कधीच रोखू देऊ नये.