‘करावे’ आणि ‘केलेच पाहिजे’

कायद्याचा मसुदा लिहिण्याचे काम ज्यांनी कधी केले असेल त्यांना हे सांगावयास नको की, ‘सूचना द्यावी’, ‘सूचना दिलीच पाहिजे’ आणि ‘सूचना देता येईल’ ही तीन वाक्ये दिसावयास सख्खी भावंडे असली, तरी कचेरीच्या दारात उभ्या असलेल्या पक्षकाराच्या दृष्टीने त्यांत जमीनअस्मानाचे अंतर असते. पहिल्यात शिफारस आहे, दुसऱ्यात बंधन आहे आणि तिसऱ्यात केवळ मुभा. संगणकाच्या क्षेत्रात हे तारतम्य इतके मोलाचे मानले गेले की, मार्च १९९७ मध्ये इंटरनेटची मानके घडविणाऱ्या मंडळींनी ‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’ अशा मोजक्या इंग्रजी शब्दांचे अर्थ निश्चित करण्यासाठी एक स्वतंत्र दस्तऐवजच प्रसिद्ध केला, आणि आरएफसी २११९ या क्रमांकाने ओळखला जाणारा तो चिमुकला दस्तऐवज आजही असंख्य मानकांच्या प्रारंभी प्रमाण म्हणून उद्धृत केला जातो. ज्या मानकाविषयी येथे लिहावयाचे आहे, त्या सॉफ्टवेअर कंटेनरच्या खुल्या मानकाची सारी इमारत याच शब्दांवर तोललेली आहे. आणि अशा मानकाला हातभार लावणे म्हणजे प्रोग्रॅम लिहिणे अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, ती मला अपुरी वाटते ती याच कारणाने.

संगणकावरचा कोणताही प्रोग्रॅम एकटा नांदत नाही. त्याला विशिष्ट आवृत्तीच्या लायब्रऱ्या, म्हणजे आयते प्रोग्रॅमसंग्रह, लागतात, ठरावीक ठिकाणी ठेवलेल्या फायली लागतात, हव्या तशा जुळविलेल्या सेटिंग्ज लागतात. आणि ज्या यंत्रावर तो जन्मला तेथे सुरळीत चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्रावर नेताच रुसून बसतो, हा या व्यवसायातील प्रत्येकाचा अनुभव आहे. त्यावरचा उपाय असा की, प्रोग्रॅमचे सगळे बिऱ्हाडच बांधून एका गाठोड्यात ठेवावे आणि नव्या जागी ते जसेच्या तसे उघडावे. या गाठोड्याला इमेज म्हणतात, आणि ते उघडून चालू झाले म्हणजे त्याला कंटेनर म्हणतात. यंत्राचा मूळ कारभारी, म्हणजे कर्नल, तो मात्र सगळ्या बिऱ्हाडांना सामायिक राहतो. एकाचा संसार दुसऱ्याच्या दृष्टीस पडू नये यासाठी लिनक्स कर्नलमध्ये ‘नेमस्पेस’ नावाची आडपडद्याची व्यवस्था आहे, आणि कोणी वाजवीपेक्षा जास्त स्मृती वा प्रोसेसरचा वेळ खाऊ नये यासाठी शिधा ठरवून देणारे ‘सीग्रुप’ आहेत. हे सीग्रुप गूगलच्या अभियंत्यांनी २००६ च्या सुमारास आरंभिले आणि २००८ मध्ये ते मूळ कर्नलमध्ये दाखल झाले. सामग्री अशी हळूहळू जमत आली होती. ती सामान्य प्रोग्रॅमरच्या हाताशी आणून दिली ती मार्च २०१३ मध्ये प्रकट झालेल्या डॉकरने.

कंटेनर हे नाव अर्थातच जहाजावरच्या लोखंडी पेट्यांवरून आले. न्हावा-शेवा बंदरात एकावर एक रचलेल्या त्या पेट्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांच्या लक्षात आले असेल की पेटी कोणत्याही देशाची असो, तिच्या आठही कोपऱ्यांतील ओतीव खोबणी एकाच मापाच्या असतात आणि म्हणूनच कोणतीही क्रेन तिला उचलू शकते. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजाने न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे ५८ पेट्या नेल्या, तेथून या व्यापाराचा इतिहास सांगण्याची प्रथा आहे. मला मात्र त्याहून मोलाची वाटते ती १९६३ ची घटना: मॅक्लीन यांच्या सी-लँड कंपनीने कोपऱ्यांच्या जोडणीवरचा आपला पेटंटचा हक्क सोडून दिला, आणि त्यानंतरच प्रतिस्पर्धी कंपन्यांना मान्य होईल असे सामायिक माप घडविण्याची वाट मोकळी झाली.

सॉफ्टवेअरच्या कंटेनरांतही नेमका असाच प्रसंग आला. डिसेंबर २०१४ मध्ये कोअरओएस या कंपनीने डॉकरहून निराळा असा ‘रॉकेट’ हा कंटेनर चालविणारा प्रोग्रॅम आणि त्याबरोबर स्वतःचे वेगळे विनिर्देश जाहीर केले. एका गाठोड्याच्या दोन परस्परविरोधी व्याख्या होऊन सगळा व्यवसाय दुभंगण्याचे भय निर्माण झाले. ते टळले, कारण जून २०१५ मध्ये दोन्ही पक्ष व इतर अनेक कंपन्या लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली एकत्र आल्या आणि ‘ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह’, संक्षेपाने ओसीआय, ही संस्था स्थापन झाली. डॉकरने आपल्या कंटेनर चालविणाऱ्या यंत्रणेचा गाभा ‘रनसी’ या नावाने तिच्या स्वाधीन केला. गाठोडे कसे बांधावे आणि ते कसे उघडून चालवावे, हे सांगणारे दोन विनिर्देश जुलै २०१७ मध्ये १.० या आवृत्तीने प्रसिद्ध झाले. गाठोडे रजिस्ट्रीत, म्हणजे इमेजच्या सामायिक कोठारात, कसे जमा करावे व तेथून कसे उचलावे हे सांगणारा तिसरा, वितरणाचा विनिर्देश २०२१ मध्ये आला. आज गो भाषेत लिहिलेला रनसी, सी भाषेतला ‘सीरन’ आणि रस्ट भाषेतला ‘योकी’ हे तिन्ही एकमेकांकडे न पाहता एकच कंटेनर चालवू शकतात, कारण तिघांच्याही पुढ्यात तोच मजकूर असतो. २०२२ मध्ये कुबरनेटिस या कंटेनरांचा कारभार पाहणाऱ्या, सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यंत्रणेने डॉकरशी असलेला आपला थेट सांधा काढून टाकला, तेव्हा पुष्कळांची गाळण उडाली होती. परंतु डॉकरने बांधलेल्या इमेज दुसऱ्या दिवशीही पूर्ववत चालल्या, आणि त्याचे श्रेय या मजकुराला आहे.

मजकुरात फट राहिली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण सविस्तर सांगण्यासारखे आहे. इमेजचे थर, तिची सेटिंग्ज आणि या सर्वांची यादी असे तिचे भाग असतात. त्या यादीला मॅनिफेस्ट म्हणतात. प्रत्येक भागातील अक्षरन् अक्षर गणिताने पिळून एक ६४ अंकाक्षरी खूण काढलेली असते, तिला डायजेस्ट म्हणतात. माल हाती आल्यावर ती पुन्हा काढून ताडून पाहावयाची, म्हणजे जुन्या दफ्तरांत ज्याला रुजुवात म्हणत तीच ही क्रिया. एक अक्षर बदलले तरी खूण बदलते, म्हणून मधल्या मार्गात कोणी फेरफार करू शकत नाही अशी सर्वांची खातरजमा होती. तथापि मॅनिफेस्टखेरीज इंडेक्स नावाचा आणखी एक कागद असतो, ज्यात निरनिराळ्या प्रोसेसरांसाठी निरनिराळ्या मॅनिफेस्टांची सूची असते. आणि हाती आलेला कागद या दोहोंपैकी कोणता, हे कागदावर नव्हे तर त्याच्या लिफाफ्यावर, म्हणजे सोबत येणाऱ्या ‘कंटेंट-टाइप’ या शेऱ्यात, लिहिलेले असे. आता एखाद्याने थरांची यादीही आणि मॅनिफेस्टांची सूचीही एकाच कागदावर लिहिली, आणि लिफाफा मात्र एकदा एक व दुसऱ्यांदा दुसरा घातला, तर काय होईल? खूण तीच, मोर्तब अभंग, रुजुवात बिनचूक. आणि तरीही त्याच कागदाचे दोन भिन्न अर्थ! तपासणाऱ्याने एक वाचावा आणि चालविणाऱ्याने दुसराच वाचावा, एवढी ही फट रुंद होती.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ही उणीव सुरक्षादोषांच्या जाहीर नोंदवहीत सीव्हीई-२०२१-४११९० या क्रमांकाने जाहीर झाली, आणि तिची दुरुस्ती कशी झाली हे पाहिले म्हणजे आरंभी सांगितलेल्या शब्दांचे वजन कळते. कागदाच्या आत ‘मीडियाटाइप’ हा प्रकार नोंदलेला असेल, तर तो लिफाफ्यावरच्या शेऱ्याशी जुळलाच पाहिजे, असे बंधन वितरणाच्या विनिर्देशात घातले गेले. तो प्रकार कागदात नोंदवावा, अशी शिफारस इमेजच्या विनिर्देशात आली. दुहेरी मजकुराचा संशयास्पद कागद नाकारण्याची मुभा माल उचलणाऱ्यास मिळाली. शिफारशीच्या जागी बंधन का घातले नाही, असा प्रश्न कोणीही विचारील. परंतु तसे केले असते तर ती नोंद नसलेल्या पूर्वीच्या सगळ्या प्रामाणिक इमेज एका रात्रीत बेकायदा ठरल्या असत्या. एका क्रियापदाच्या निवडीत जगभरच्या कोठारांतील जुना माल जगवावयाचा की बाद करावयाचा, हा निर्णय सामावलेला होता.

अशी दुरुस्ती सुचविण्याचा अधिकार कोणाला? कोणालाही, त्यासाठी कंपनीची सनद लागत नाही. बदललेला मजकूर ‘पुल रिक्वेस्ट’ म्हणून सादर करावयाचा आणि त्याखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी स्वतःच्या नावाची ओळ लिहावयाची, जिचा अर्थ असा की हा मजकूर देण्याचा मला हक्क आहे, याची ग्वाही मी देतो. ही प्रथा लिनक्सच्या प्रकल्पात २००४ मध्ये, मालकीहक्काच्या कज्ज्यांच्या काळात, सुरू झाली. त्यानंतर मेंटेनर, म्हणजे मजकुराचे सांभाळकर्ते, तो वाचतात. हरकती येतात, उत्तरे द्यावी लागतात, शब्द पुन्हा घासले जातात, आणि किमान दोघा सांभाळकर्त्यांची संमती मिळाल्यावर तो मूळ मजकुरात विलीन होतो. हे सांभाळकर्ते बहुधा बाजारात एकमेकांशी झुंजणाऱ्या कंपन्यांत नोकरीस असतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या संमतीची किंमत वाढते.

हा सारा व्यवहार इंग्रजीत चालतो, आणि पुण्यामुंबईचे कितीतरी कुशल अभियंते, जे या कंटेनरांवरच पोट भरतात, ते आपल्या इंग्रजीचा संकोच वाटून मानकाच्या मजकुरापासून दूर राहतात, असे मला दिसते. माझ्या मते त्यांचे अडखळणे हेच त्यांचे भांडवल आहे. ज्याची ती मातृभाषा आहे तो संदिग्ध वाक्यावरून सवयीने घसरत पुढे जातो. जो शब्द शब्द तोलून वाचतो, त्यालाच ‘हे सर्वनाम कोणाकडे बोट दाखविते?’ असा प्रश्न पडतो, आणि मानकाला नेमका तोच प्रश्न हवा असतो.

लिहिलेले मागे घेण्याचे धैर्यही या कामात लागते. इमेजला जोडलेली स्वाक्षरी किंवा घटकांची यादी कोठारात कशी ठेवावी, यासाठी २०२२ मध्ये ‘आर्टिफॅक्ट मॅनिफेस्ट’ नावाचा एक नवा कागदप्रकार परिश्रमपूर्वक तयार झाला आणि इमेजच्या विनिर्देशाच्या १.१ या आवृत्तीच्या कच्च्या मसुद्यांत समाविष्टही झाला. परंतु प्रचलित कोठारे हा अनोळखी प्रकार स्वीकारणार नाहीत, तर जुना मॅनिफेस्ट मात्र सर्वत्र स्वीकारला जातो, हे दिसून येताच पुढल्या वर्षी तो संपूर्ण प्रकार गाळण्यात आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये अंतिम आवृत्ती प्रसिद्ध झाली तेव्हा जुन्याच मॅनिफेस्टमध्ये ‘सब्जेक्ट’ हा एक ऐच्छिक रकाना वाढलेला होता: ही स्वाक्षरी कोणत्या इमेजची, एवढेच सांगणारा.