भोक नाण्याएवढे, घासकाम बशीएवढे

1 जूनला महाराष्ट्रात यांत्रिक होड्यांवर पावसाळी मासेमारीबंदी लागते आणि कोकणातल्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. डागडुजीला सवड मिळते ती याच दिवसांत. फायबरच्या, म्हणजे काचतंतू आणि रेझिनच्या होडीसाठी मात्र याहून वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही, कारण तिच्या दुरुस्तीला सगळ्यात जास्त नडते ती ओल.

लाकडी होडीच्या फटींत कापूस ठासायचा, माशाचे तेल पाजायचे, ही पिढीजात कामे. फायबरला यातले काही लागत नाही. म्हणूनच खडकाचा टोचा बसून भोक पडले की पुट्टी लिंपून मोकळे होण्याचा मोह होतो. नुसती पुट्टी भोक झाकते, ताकद देत नाही. होडी लाटांवर आपटू लागली की ती कडेने सुटते.

जाणता कारागीर आधी भोकाभोवती नाणे वाजवतो. टणक आवाज म्हणजे थर शाबूत. बद्द आवाज आला की आतले थर सुटलेत. तो भाग काढायचा, मेण आणि तेलकटपणा ॲसिटोनने पुसायचा, पार सुकू द्यायचा आणि मग ग्राइंडर लावायचा. तळाची जाडी 5 मिमी असेल तर तिच्या बारापट, म्हणजे भोकाच्या चहूबाजूंनी 60 मिमी उतार घासायचा, असा प्रघात आहे. 20 मिमीच्या भोकाची अशी 140 मिमीची उथळ बशी होते. मालकाच्या पोटात गोळा येतो, पण इलाज नाही: जुने रेझिन आधीच कडक झालेले, नवे त्याच्याशी एकजीव होत नाही, नुसते खरखरीत पृष्ठाला धरून राहते. धरायला जागा जितकी जास्त, तितके ठिगळ टिकाऊ. काचेची धूळ अंगाला खाजते, छातीत जाते; तोंडावर मास्क हवाच.

मग रेझिनमध्ये भिजवलेल्या चॉप मॅटचे, म्हणजे काचतंतूंच्या चटईचे थर, आणि रोलर फिरवून बुडबुडे बाहेर. पॉलिएस्टर रेझिनच्या 100 ग्रॅमला हार्डनर साधारण 1 ते 2 ग्रॅम. कमी पडले तर थर पिचपिचीत राहतो, जास्त झाले तर तापून तडकतो. हार्डनर आणि रेझिन लवकर कडक व्हावे म्हणून घालतात ते कोबाल्ट थेट एकमेकांत कधीच मिसळायचे नाहीत, भडका उडतो. शेवटचा हात जेलकोटचा, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत थराचा. हवा लागली की त्याचा वरचा पापुद्रा चिकट राहतो, म्हणून त्यात मेण घालतात किंवा वर प्लास्टिकचा कागद ताणून बसवतात.

काच आणि रेझिन वापरून गोव्यात दिवाडी बेटावर घडलेली एक शिडाची नौका तर जगाच्या फेरीला निघाली. रत्नाकर दांडेकरांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली 56 फुटी ‘म्हादेई’ 2009मध्ये नौदलात आली. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी 2009-10मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अभिलाष टॉमी यांनी 2012-13मध्ये कुठेही न थांबता. तिच्या तळात मधे लाकूड आणि दोन्ही बाजूंना फायबर आहे. अशा तळाला भोक पडले तर घाई अजिबात परवडत नाही. आतले लाकूड खडखडीत वाळेपर्यंत भोक उघडेच ठेवावे लागते. ओल आत ठेवून वरून थर चढवले, तर ठिगळ चकचकीत दिसते आणि लाकूड आतल्या आत कुजत जाते.